वाचकांचे प्रश्न : स्नोबोर्डचे बाइंडिंग घेण्याआधी बूट पाहा

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते आणि अंधेरीला नोकरी करते. गेले दोन हिवाळे गुलमर्गला जाऊन भाड्याच्या साहित्यावर स्नोबोर्डिंग शिकले. सोप्या उतारावर आता दोन्ही बाजूंनी वळता येते. यंदा स्वतःचा बोर्ड घेतला असून टोरांटोचा मामेभाऊ डिसेंबरमध्ये येताना बाइंडिंगची, म्हणजे बूट बोर्डाला जखडून ठेवणाऱ्या साधनाची, जोडी आणणार आहे. कडकपणाचे एक ते दहा आकडे, तीन निरनिराळ्या पद्धती आणि किमतीतली तफावत पाहून मात्र मी पुरती गोंधळले आहे. उड्या आणि कसरतींची मला ओढ नाही. गोंडोलाने, म्हणजे तिथल्या केबल कारने, वर जाऊन ताज्या बर्फातून उतरता यावे, एवढीच इच्छा आहे. मी नेमके काय मागवावे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या पत्रात बोर्ड आहे, बाइंडिंग आहे, पण बुटांचा उल्लेख कुठेच नाही. बूट अजून घेतले नसतील तर मामेभावाला थोडे थांबायला सांगा. पायाचा जोर बोर्डाच्या कडेपर्यंत पोचवणे हे बाइंडिंगचे काम आहे, आणि तो जोर आधी बुटातून जातो. बूट सैल असला, त्यात टाच अर्धा इंच वर उचलली जात असली, तर त्याखाली कितीही महागडे बाइंडिंग लावले तरी वळण उशिराच सुरू होते. बूट पायात घालून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. बाइंडिंग मात्र मापे नीट कळवली तर दुसऱ्याकडून मागवता येते.

वळताना पायाशी काय घडते ते पाहिले की कडकपणाच्या आकड्यांचा उलगडा होतो. चवड्याच्या बाजूने वळताना आपण गुडघे वाकवून चवडा दाबतो, तेव्हा टाच वर सुटू पाहते आणि तिला घोट्यावरचा पट्टा धरून ठेवतो. टाचेच्या बाजूने वळताना आपण खुर्चीत बसावे तसे मागे टेकतो, पोटरी मागच्या उभ्या टेकूवर, म्हणजे हायबॅकवर रेलते आणि तो रेटा खालच्या बेसप्लेटमधून बोर्डाच्या कडेला मिळतो. हायबॅक आणि बेसप्लेट जितके कडक, तितका हा रेटा वाया न जाता लगेच पोचतो. पण त्याचबरोबर तुमची प्रत्येक चूकही तितक्याच तत्परतेने पोचते, आणि नवशिक्याची कड नको तिथे रुतून तो तोंडावर आपटतो.

म्हणूनच उड्या-कसरतींसाठी बर्फावर केलेल्या पार्कमध्ये रेलिंगवरून घसरणारे आणि हवेत बोर्ड फिरवणारे फ्रीस्टाइलवाले मऊ, म्हणजे साधारण १ ते ४ आकड्यांचे बाइंडिंग पसंत करतात, कारण त्यांना घोटा आडवातिडवा वाकवायचा असतो आणि वेडेवाकडे उतरल्यावर सावरायला वाव हवा असतो. उंच, तीव्र उतारांवरून वेगाने उतरणारे फ्रीराइडवाले ७ च्या पुढचे कडक बाइंडिंग घेतात. कडेवर झुकून लांब वळणे कोरणाऱ्यांचा कलही कडकपणाकडेच असतो. या दोहोंच्या मधले ४ ते ६ आकड्यांचे बाइंडिंग सर्व प्रकारच्या उतारांवर चालते. हे आकडे सर्व कंपन्यांमध्ये सारखे नसतात, त्यामुळे एकीचा ५ दुसरीच्या ६ एवढा कडक निघू शकतो. तुमच्या दोन हिवाळ्यांच्या सरावाला आणि ताज्या बर्फाच्या ओढीला माझ्या मते ५ च्या आसपासचे बाइंडिंग योग्य ठरेल. गोंडोलाच्या कोंगदुरी या पहिल्या टप्प्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३,०५० मीटरपर्यंत, ते तुम्हाला जड वाटणार नाही आणि पुढे तयारी झाल्यावर, वाटाड्यासोबत, अफरवाटच्या सुमारे ३,९५० मीटर उंचीवरच्या टप्प्यावरून उतरतानाही ते तोकडे पडणार नाही. बूटही मध्यम कडकपणाचेच असावेत. मऊ बुटावर कडक बाइंडिंग लावले की पट्टे पायात रुततात आणि बोटे बधिर होतात.

आता पद्धतींविषयी. घोट्यावर एक आणि बोटांवर एक असे दोन पट्टे रॅचेटने, म्हणजे दातेरी कळीने, आवळण्याची पद्धत सर्वांत रुळलेली आहे. दुसऱ्या पद्धतीत हायबॅक मागे पाडून पाय मागून सरकवतात. तिसरी, बर्टन कंपनीने २०१७ साली बाजारात आणलेली, पट्टेच नसलेली आहे. तिच्यात बुटाच्या बाजूंचे आणि टाचेचे खिळे बाइंडिंगमध्ये दाबून अडकवतात. गुलमर्गला गोंडोलात बसताना दोन्ही पाय सोडवावे लागतात आणि वर पोचल्यावर थंडीने आखडलेल्या बोटांनी प्रत्येक फेरीला पट्टे आवळावे लागतात, त्यामुळे ही तिसरी पद्धत मोहात पाडते, हे मी मान्य करतो. तरीही तुम्हाला मी पट्टेवालेच सुचवेन. पट्टेविरहित पद्धतीला खास त्याच पद्धतीचे बूट लागतात आणि मऊ, खोल बर्फात बुटाखाली बर्फ गच्च बसला की तो खरवडून काढल्याशिवाय पाय अडकत नाही. शिवाय सुटे भाग आपल्याकडे सहजी मिळत नाहीत. पट्टेवाल्या जोडीचे मात्र रॅचेट तुटले, तर सोबत नेलेला दुसरा पट्टा दहा मिनिटांत बसवता येतो. वर्षातले आठ-दहा दिवसच बर्फ वाट्याला येणाऱ्या मुंबईकराचा एक दिवस तुटलेल्या रॅचेटपायी हॉटेलात बसून जावा, ही मला फार मोठी हानी वाटते.

मामेभावाला दोन गोष्टी कळवा. पहिली म्हणजे बोर्डावरच्या भोकांचे छायाचित्र. काही बोर्डांवर भोके ४ सेंटिमीटरच्या चौकोनात असतात, काहींवर २ सेंटिमीटरच्या अंतराने, तर बर्टनच्या बऱ्याच बोर्डांवर भोकांऐवजी एक लांब खाच असते; बाइंडिंग बोर्डाला स्क्रूंनी जोडणारी, सोबत येणारी चकती यांपैकी नेमक्या कशावर बसते हे दुकानात विचारून घेणे आवश्यक आहे. दुसरी गोष्ट म्हणजे बुटांचे माप. इथल्या दुकानांतले क्रमांक बहुधा ब्रिटिश असतात आणि उत्तर अमेरिकेतले वेगळे, त्यातही पुरुषांचे आणि स्त्रियांचे निराळे. तेव्हा क्रमांक न सांगता पाय भिंतीला टेकवून त्याची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी आणि बुटाच्या जिभेवर छापलेले मापही सोबत द्यावे. स्त्रियांसाठी बनवलेल्या बाइंडिंगचा हायबॅक बहुधा किंचित ठेंगणा असतो, म्हणून तो पोटरीत रुतत नाही. तुम्हाला तोच सोयीचा पडेल.

जोडी हाती आली की ती स्वतः बसवा. घरातल्या लादीवर चादर अंथरून बोर्ड ठेवा, बूट बाइंडिंगमध्ये आवळा आणि वरून पाहा : बुटाचा पुढचा भाग आणि टाच बोर्डाच्या कडांबाहेर सारख्याच डोकावल्या पाहिजेत. चकतीवर ३-३ अंशांच्या खुणा असतात. पुढचा पाय +१५ वर (बोटे बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे वळलेली) आणि मागचा −६ किंवा −९ वर (बोटे मागच्या टोकाकडे वळलेली) ठेवून सुरुवात करावी, दोन पायांतले अंतर खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त ठेवावे आणि हायबॅकचा पुढचा कल पहिल्या हंगामात शून्यावरच असू द्यावा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण जाणवला, तर कोन ३ अंशांनी बदलून पुन्हा उभे राहावे. हे सगळे डोंबिवलीच्या घरातच करून घ्या. वाऱ्यात, हातमोजे काढून ते करण्याची वेळ येऊ नये.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. सोलंगला दोनदा शिबिराला गेला आणि आता स्वतःच्या साहित्याचा हट्ट धरून बसला आहे. त्याची उंची भराभर वाढते आहे. मग एक माप मोठे बाइंडिंग घेतले तर चालेल का?
– एक पालक, दादर

उत्तर : शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, बाइंडिंग घेऊ नये. मोठ्या बाइंडिंगमध्ये बूट आडवा सरकतो, पट्टे शेवटच्या दात्यापर्यंत आवळूनही सैल राहतात आणि मुलाला वाटते की आपल्यालाच वळता येत नाही. दोन-तीन हिवाळे भाड्याचे साहित्य वापरू द्या आणि पैसे खर्च करायचेच असतील तर त्याच्या मापाचे चांगले बूट घ्या. पुढे बाइंडिंग घ्याल तेव्हा ते मऊ असावे, कारण त्याच्या वजनाला प्रौढांचे कडक बाइंडिंग वाकणारच नाही. एक गोष्ट मात्र त्याला नीट समजावून सांगा : स्कीचे बाइंडिंग पडल्यावर आपोआप सुटते, स्नोबोर्डचे सुटत नाही. खोल बर्फात पडल्यावर पट्टे स्वतःच्या हातांनी सोडवण्याचा सराव त्याने सपाट जागी करून ठेवायला हवा.

प्रश्न : गेल्या वर्षी बाइंडिंगसह बोर्ड माळ्यावर ठेवला होता. दिवाळीत खाली काढला तर स्क्रूंवर तांबूस गंज चढलेला आणि दोन स्क्रू फिरतच नाहीत. आता काय करावे, आणि पुढच्या पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. बोर्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून माळ्यावर टाकला होता. पिशवीमुळे ओल बाहेर राहील असे वाटले, प्रत्यक्षात ती आतच कोंडली. नंतर साध्या अधिक-चिन्हाच्या स्क्रूड्रायव्हरने जोर लावला, तेव्हा स्क्रूच्या डोक्यावरची खाच झिजून गुळगुळीत झाली. बाइंडिंगचे स्क्रू बहुधा पोझिड्राइव्ह क्रमांक ३ चे असतात. अधिक-चिन्हाच्या चार रेषांमध्ये आणखी चार बारीक रेषा दिसतात ती त्याची खूण. त्या मापाचा स्क्रूड्रायव्हर आणा, स्क्रूच्या कडेला गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब सोडा, रात्रभर थांबा आणि सकाळी अंगाचे वजन खाली देत सावकाश फिरवा. तेल प्लॅस्टिकच्या भागांवर ओघळू देऊ नका. गंजलेले स्क्रू परत वापरू नका. नवे आणताना लांबी जुन्या स्क्रूशी जुळवून पाहा, कारण जास्त लांब स्क्रू बोर्डाच्या तळाला आतून फुगवटा आणतो. स्क्रू सुटू नयेत म्हणून लावायचा गोंदही टाळावा, त्याने काही प्लॅस्टिकांना तडे जातात.

पावसाळ्याआधी बाइंडिंग बोर्डावरून पूर्ण काढावे, पाणी-मातीचा अंश पुसून पंख्याखाली दोन दिवस वाळवावे, उन्हात ठेवू नये. स्क्रू छोट्या डबीत सिलिका जेलच्या पुड्यांसह आणि बाइंडिंग सुती पिशवीत, माळ्याऐवजी हवा खेळणाऱ्या कपाटात ठेवावे. परत बसवल्यावर पहिली फेरी झाली की स्क्रू एकदा तपासून पाहावेत, कारण हादऱ्यांनी ते हमखास थोडे सैल होतात. त्यासाठी स्क्रूड्रायव्हर सोबत लागतो. विमानाने श्रीनगरला जाणार असाल, तर तो चार जादा स्क्रूंसह चेक-इनच्या सामानात टाका. हातातल्या बॅगेत राहिला तर सुरक्षा तपासणीत काढून घेतला जाण्याची शक्यता असते.