पानं खाल्ली म्हणून झाडं कमी होतात का?

तुम्ही विचारलंय, "किडी झाडं खातात हे शाळेतच कळतं. मग त्याने झाडांची संख्या कमी होते की नाही, एवढं शोधायला पीएचडीनंतरही दोन-तीन वर्षं कशाला लागतात?" माझं पोस्टडॉकचं काम नेमकं यावरच चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपलं गाजर गवत घ्या. १९५०च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं. पुढे मेक्सिकोतून झायगोग्रामा नावाचे भुंगेरे आणून १९८४च्या सुमारास बंगळुरूत सोडले, आता ते महाराष्ट्रातही दिसतात. पावसाळ्यात हे भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या गवताच्या नुसत्या काड्या करून टाकतात. तो पट्टा बघून वाटतं, संपलं. पण एका झाडाला हजारोंनी बी धरतं आणि जमिनीत आधीचा साठा असतोच. भुंगेरे पोचायच्या आत फुलून गेलेली थोडी झाडंसुद्धा पुढची जागा भरायला पुरतात. रोपाला जागा एकच असेल, तर दहापैकी नऊ बिया किडीने खाल्ल्या काय आणि न खाल्ल्या काय, झाड एकच वाढणार. त्यामुळे नुसतं किती खाल्लं ते मोजून भागत नाही. झाडाच्या आयुष्यात कुठल्या टप्प्यावर खाल्लं आणि तो तोटा पुढे भरून निघाला का, हे बघावं लागतं.

मी या विषयाकडे वळले ती परिसंस्थांच्या अभ्यासक स्वाटा लौडा यांच्या अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या कामामुळे. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर प्लॅट थिसल नावाचं स्थानिक काटेरी झाड वाढतं, आपल्या काटेचेंडूच्या कुळातलं. ते आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं, नवीन झाड फक्त बियांतून येतं. त्यांनी काही झाडांच्या फुलोऱ्यांवर कीटकनाशक फवारलं आणि काहींवर नुसतं पाणी, म्हणजे फरक पडला तर तो ओलाव्यामुळे नाही हे कळावं. बिया जास्त धरणार हे अपेक्षितच होतं. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. वर्षानुवर्षं रोपं मोजत राहिल्या आणि किडींपासून वाचवलेल्या झाडांच्या पुढच्या पिढीत फुलणारी झाडंही जास्त निघाली. १९९५ साली हे छापून आलं. माझ्या मते या विषयातला सगळ्यात भक्कम पुरावा हाच आहे, कारण तो बियांवर न थांबता पुढच्या पिढीपर्यंत जातो.

याचा पुढचा भाग वाचताना मला अजूनही वाईट वाटतं. बाहेरून आलेल्या मस्क थिसल या तणाचा बंदोबस्त करायला १९६८ साली युरोपातून उत्तर अमेरिकेत एक सोंडकिडा आणला होता. १९९०च्या दशकात तो प्लॅट थिसलच्या फुलोऱ्यांतही सापडू लागला आणि बियांचं उत्पादन कोसळलं. १९९७ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात हे आलं, तेव्हा त्याचा अर्थ लगेच लावता आला. या झाडाची संख्या बियांवर अडते हे आधीच्या प्रयोगातून ठाऊक होतं. ते ठाऊक नसतं, तर "गेल्या थोड्या बिया, त्यात काय" म्हणून विषय मिटला असता.

नुसतं निरीक्षण करून का भागत नाही, त्याचं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. तिथे सेंट जॉन्स वर्ट या तणाने सुमारे आठ लाख हेक्टर जमीन व्यापली होती. १९४५-४६ पासून त्याच्यावर भुंगेरे सोडले आणि काही वर्षांत कुरणं मोकळी झाली. भुंगेऱ्यांना ऊन लागतं, म्हणून तण उरलं ते मुख्यतः सावलीत. आज एखादा नवखा अभ्यासक तिथे गेला तर तो लिहील, या झाडाला सावली मानवते, आणि भुंगेरे तर मोजकेच आहेत, त्यांचा काय परिणाम! झाड कुठे उगवतं हेच मुळात किड्याने ठरवलंय, हे बघून कळत नाही. किडींना बाजूला ठेवूनच बघावं लागतं.

आम्हीही तेच करतो. वाफे आखायचे, निम्म्या झाडांवर फवारणी, निम्म्यांवर पाणी, आणि प्रत्येक रोपाला नंबराची पट्टी. बी किती रुजलं, रोपं किती जगली, किती फुलली, हे टप्पे जोडून झाडांची संख्या दरवर्षी किती पट होते तो आकडा काढायचा. तो एकाच्या खाली असेल तर संख्या घटतेय. अडचण एवढीच की हे टप्पे झाडाच्या वेगाने सरकतात. पहिल्या हंगामात पट्ट्या लावलेली माझी रोपं आता कुठे तळहाताएवढी झाली आहेत. त्यांना फुलं यायला निदान आणखी एक उन्हाळा जाईल.