वाचकांचे प्रश्न : रिअ‍ॅलिटी शोमधला ‘खरा पुरुष’

प्रश्न : स्पर्धकांना एका घरात एकत्र ठेवणारा रिअ‍ॅलिटी शो माझा सतरा वर्षांचा मुलगा नियमाने बघतो. एका भागात एका तरुणाने सर्वांसमोर माफी मागितली आणि त्याचे डोळे भरून आले, तेव्हा मुलगा म्हणाला, “हा आता संपला. असा रडका पुरुष कुणाला आवडतो?” हे मनोरंजन म्हणून सोडून द्यावे, की कार्यक्रम बंद करावा? – एक वडील

उत्तर : सोडून देऊ नये. बंदही करू नये, कारण मग तो तेच मोबाइलवर एकटा बघेल आणि आपल्याशी त्याविषयी बोलणार नाही.

असे कार्यक्रम तयार कसे होतात, हे आधी त्याला कळायला हवे. कॅमेरे दिवसरात्र चालू असतात आणि आपल्यापर्यंत पोहोचतो तो जेमतेम तासाभराचा भाग. तापट, दिलफेक, भोळा असे नमुने स्पर्धक निवडतानाच हेरलेले असतात आणि संकलनात त्या नमुन्याला साजेसे तेवढेच बहुधा उरते. स्पर्धक एकटा कॅमेऱ्यासमोर बोलतो तेव्हा त्याला “तुला राग नाही आला?” असे विचारले जाते, मग प्रश्न कापला जातो आणि उत्तर तेवढे राहते. निरनिराळ्या वेळी बोललेले तुकडे जोडून नवेच वाक्य तयार करण्याचीही या व्यवसायात रीत आहे. पुरुष ओरडला की पार्श्वसंगीत चढते. त्यानेच नंतर शांतपणे भांडण मिटवले, तर ते दृश्य सहसा वगळले जाते, कारण मिटलेले भांडण पुढच्या भागाची उत्कंठा वाढवत नाही.

प्रेमजुळणीच्या कार्यक्रमांविषयी 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ते अधिक पाहणाऱ्यांमध्ये ‘पुरुष वासनेच्याच मागे असतात’, ‘प्रेम हा डावपेचांचा खेळ आहे’ अशी मते अधिक आढळली. अर्थात, अशी मते असलेलेच हे कार्यक्रम अधिक बघत असतील, हीही शक्यता आहे.

मला स्वतःला अनुकरणाची भीती कमी वाटते. बहुतेक मुले पडद्यावरच्यासारखी अंगावर धावून जात नाहीत. पण बाकीचे सगळे पुरुष असाच विचार करतात, असे मात्र त्यांना वाटू लागते. माफी मागणाऱ्याला मित्र हसतात म्हणून आपला मुलगाही हसतो, त्या मित्रांपैकीही कुणाला तरी तो तरुण मनातून योग्य वाटलेला असू शकतो, आणि तरीही प्रत्येक जण स्वतःला एकटा समजून गप्प बसतो. स्त्रियांविषयीच्या शेऱ्यांचेही असेच होते. एकालाही विनोद आवडलेला नसतो आणि सगळे दाद देतात.

म्हणून पुढचा भाग त्याच्या शेजारी बसून बघा. उपदेश टाळा, मध्येच दाखवलेला हसणारा चेहरा त्याच क्षणाचा आहे का, कपडे आणि उजेड जुळतात का, हे उत्तर नेमक्या कोणत्या प्रश्नाचे असेल, एवढेच त्याला विचारा. आणि माफी मागणारा तो तरुण आपल्याला धीराचा वाटला असेल, तर तसे स्पष्ट सांगा. पुरुष म्हणून आपले मत काय आहे, हे त्याने बहुधा अजून ऐकलेलेच नाही. त्याने वाद घातला तर घालू द्या.