कार्यकारिणीचे प्रशिक्षण निवडताना

प्रश्न : फोंडा तालुक्यातील आमचे वाचनालय सोसायटी म्हणून नोंदलेले आहे. नव्या कार्यकारिणीसाठी पुण्यातील दोन दिवसांचा प्रशिक्षणवर्ग सुचवला गेला आहे. तो घ्यावा का?
– एक सचिव

उत्तर : आधी अभ्यासक्रम मागवून वाचा. महाराष्ट्रातील असे वर्ग बरेचदा धर्मादाय आयुक्त आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा यांवर भर देतात. तो कायदा गोव्यात लागू नाही. तुमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली येते आणि त्याच्या कलम ४ नुसार वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर १४ दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यावी लागते, हे शिकवणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तुमचाच ताळेबंद आणि तुमचीच इतिवृत्तवही समोर ठेवून शिकवणारा प्रशिक्षक शोधा. खजिनदार आकडे वाचतात, बाकीचे ‘मंजूर’ म्हणतात आणि वही सह्यांसाठी फिरते, असे अनेक सभांत मी पाहिले आहे. मुदतठेव कोणाच्या सहीने मोडता येते, हे त्या सभासदांपैकी एकालाही सांगता येत नसे. हितसंबंध असलेल्या सदस्याने त्या ठरावाच्या वेळी बाजूला कसे व्हावे, याचा सरावही वर्गात असावा. प्रमाणपत्राला मी फारसे महत्त्व देणार नाही. शक्य असल्यास प्रशिक्षकालाच फोंड्याला बोलवा, म्हणजे संपूर्ण समिती एकत्र बसेल.