पहिलं नाणं पाच डॉलरचं घ्या

अमेरिकेची सुरुवातीची सोन्याची नाणी म्हणजे 1795 ते 1834 मधली. सुरुवात 1807 ते 1812 च्या पाच डॉलरने करा. त्यातल्या त्यात तेच सहज मिळतं. वजन 8.75 ग्रॅम. कडेचे दाते भिंगाखाली पूर्ण फिरवून पाहा, कारण दागिन्यात बसवलेल्या नाण्याचा डाक (धातूचा जोड) तिथेच घासून लपवतात. अशा नाण्याची किंमत खूप घसरते.

समांतर कानशीच्या रेघा दिसल्या तर घाबरू नका. जादा वजनाची चकती टांकसाळीतच, ठसा मारण्यापूर्वी, घासत. ठशाच्या दाबाने त्या रेघा बोथट होतात. नंतरचा ओरखडा धारदार आणि चकचकीत दिसतो. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलंच घ्या, डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर पडताळा. आणि नाणं कधीही, अगदी मऊ कापडानेसुद्धा, पुसू नका.