चिखलदऱ्यात घर करताना

आपण चिखलदऱ्यात कायमचे राहायला येत आहात, याचा मनापासून आनंद वाटतो. मात्र उन्हाळ्यातल्या हवेवर भुलून जागा घेऊ नका, एक पावसाळा भाड्याच्या घरात काढा आणि मगच बांधकामाचे बघा. सुमारे 1,100 मीटर उंचीवरच्या या गावात जुलै-ऑगस्टमध्ये धुके दिवसदिवस हटत नाही, आणि गादी उचलली की खालच्या फळीवर पांढरी बुरशी दिसते. म्हणून पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. मोठा बाजार परतवाड्याला आहे आणि घाटात दरड आली की रस्ता अडतो, तेव्हा औषधे पंधरा दिवसांची तरी जवळ असावीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि मेळघाटचे जंगल शेजारी असल्यामुळे खरकटे उघड्यावर टाकू नका, कारण त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागून बिबट्या येतो. मोहाच्या दिवसांत पहाटे एकट्याने रानवाटेने जाऊ नका. फुले वेचायला अस्वलेही येतात. आसपासच्या कोरकू मंडळींशी ओळख ठेवा आणि त्यांच्या भाषेतले चार शब्द शिका. ती मराठीहून अगदी वेगळ्या, मुंडा कुळातली भाषा आहे, त्यामुळे सुरुवातीला जड जाईल.