शेवाळाचा अर्क पेशींवर टाकण्याआधी

अगं, थायरॉईड कॅन्सरच्या पेशी मरतात का बघायला गोव्यातल्या हणजुणेच्या खडकांवरून ओहोटीला सरगॅसम (तपकिरी समुद्री शेवाळ) आणलंस ते छान, पण अर्क काढला की लगेच पेशींवर ओतू नको, आधी त्यातलं मीठ काढ, नाहीतर पेशी नुसत्या खारटपणानेच मरतात आणि आपण अर्कानेच मेल्या समजून पेढे वाटत बसतो (मी वाटलेत!). थायरॉईड कॅन्सरच्या सेल लाईन (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी) घेताना तर डोळ्यांत तेल घाल. २००८ मध्ये तपासलेल्या ४० पैकी फक्त २३ खरंच वेगळ्या निघाल्या, एआरओ म्हणजे चक्क मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची आणि एनपीए मेलेनोमाची, त्यामुळे कुणी फुकट वायल (पेशींची कुपी) दिली तरी एसटीआर प्रोफाइल, म्हणजे पेशींची डीएनए ओळख, माग. टीपीसी-१ नि ८५०५सी या थायरॉईड कॅन्सरच्या लाईन घे, सोबत एनथाय-ओरी ३-१ ही नॉर्मल थायरॉईडची लाईन हवीच, सरसकट सगळं मारणारं विष काय कामाचं? एमटीटी (जिवंत पेशी जांभळा रंग देतात ती चाचणी) करताना प्लेटमधल्या पेशी नसलेल्या वेलमध्येही (खळगीतही) अर्क घालून बघ, अर्क अँटिऑक्सिडंट असला तर तीसुद्धा जांभळी होते आणि मेलेल्या पेशी जिवंत वाटतात. अर्क ज्यात विरघळवतेस त्या नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल (तुलनेसाठी) प्रत्येक प्लेटवर. आणि हो, थोडं शेवाळ तारीख-जागा लिहून फ्रीजरला ठेव, पावसात समुद्र खवळला की परत आणायला जाता येत नाही.