नवशिक्याला गोल्फ क्लबचं फिटिंग खरंच लागतं का?

तुम्ही विचारलंय की उंची ५ फूट ४ इंच आहे, गोल्फ नुकतंच सुरू केलंय, ऑफिसातले एक साहेब त्यांचा जुना सेट स्वस्तात देताहेत, तर तो घ्यावा की फिटिंग करून, म्हणजे अंगाच्या मापाप्रमाणे क्लब (गोल्फची काठी) जुळवून, नवा घ्यावा. आणि कोच म्हणतात, 'आधी स्विंग बसू दे, फिटिंगचं पुढे बघू.' स्विंग म्हणजे क्लब फिरवायची ढब.

साहेबांचा सेट घेऊ नका. निदान साहेबांची उंची विचारल्याशिवाय तरी नकोच. कोचच्या त्या वाक्यावर मात्र मला बरंच बोलायचंय, कारण तेच वाक्य आमचे साडू दर दिवाळीला ऐकवतात.

माझं नाशिकच्या अंबडला छोटं टूलरूम आहे, जिग-फिक्श्चरची (जॉब पक्का धरून ठेवणाऱ्या साधनांची) कामं. नाशकात 'गोल्फला जातो' म्हटलं की लोकांना वाटतं, जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारायला जातो. आपल्या गोल्फ क्लब मैदानावर रणजीचे सामने होतात, सभा होतात, गोल्फ तेवढं होत नाही. म्हणून सुट्टीत पुणं गाठायचं आणि एरवी मखमलाबादला चुलतभावाच्या द्राक्षबागेशेजारी जाळं बांधून चेंडू मारायचे, असं माझं चालतं. सेट साडूंनी दिला. ते पुण्याचे, सहा फुटांच्या वर उंची, खेळतातही चांगलं. पिंग कंपनीचे आयर्न (पातळ धातूच्या हेडचे क्लब), जपून वापरलेले. माझी उंची ५ फूट ३ इंच.

चेंडू डावीकडे जायचा. माझे कोच म्हणाले, खांदा लवकर उघडतो. मग म्हणाले, मनगट लवकर वळतं. मग पकड बदलायला लावली. त्यानं आयर्न जरा सरळ झाले आणि ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) उजवीकडे, शेजारच्या फेअरवेवर (खेळायच्या हिरवळीच्या पट्ट्यावर) जाऊन पडायला लागला. आता ड्रायव्हरसाठी वेगळे धडे, त्याची फी वेगळी.

आमच्या धंद्यात जॉब चुकला की चूक कशाबरोबर वाढते ते आधी बघतात. पकड बदलण्याआधीचे शॉट आठवून पाहिले. वेज (चेंडू जवळ, उंच उडवायचा आयर्न) सगळ्यात जास्त डावीकडे, सात नंबर त्याहून कमी, पाच नंबर आणखी कमी, ड्रायव्हर जवळपास सरळ. म्हणजे चूक लॉफ्टबरोबर, फेस (चेंडूला लागणारी बाजू) मागे किती कललाय त्या कोनाबरोबर, वाढत होती; यांत वेजचा लॉफ्ट सगळ्यात जास्त, ड्रायव्हरचा सगळ्यात कमी. माझ्या खांद्याला हातातल्या क्लबचा लॉफ्ट कळायचं काही कारण नाही.

मग मार्करची परीक्षा केली, तुम्हीही करा, फुकट आहे. चेंडूवर जाड मार्करनं रेघ ओढायची, रेघ उभी आणि क्लबच्या फेससमोर येईल असा चेंडू ठेवायचा आणि मारायचा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. फेसवरच्या आडव्या खाचांशी तो काटकोनात असेल तर लाय, म्हणजे दांडा आणि जमीन यांतला कोन, बरोबर आहे. त्याचं वरचं टोक टोच्या (हेडच्या पुढच्या टोकाच्या) बाजूला कललं तर क्लब तुमच्यासाठी जास्त उभा आहे, हीलकडे (दांड्याकडच्या बाजूला) कललं तर जास्त आडवा. माझा ठसा चांगलाच टोच्या बाजूला कललेला होता. चेंडूला लागताना टो वर उचललेला असला की उजव्या हातानं खेळणाऱ्याच्या क्लबचं तोंड डावीकडे वळतं, आणि लॉफ्ट जितका जास्त तितकं जास्त वळतं. म्हणून वेज सगळ्यात वाईट.

मग क्लब हातात घेऊन नीट पाहिले, तर प्रत्येक हॉझेलजवळ (दांडा हेडमध्ये बसतो त्या नळीजवळ) हिरवा ठिपका. पिंग काढणारा कार्स्टन सोल्हाइम मूळचा जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर. १९५९ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये त्यानं पटर (चेंडू भोकात ढकलायचा क्लब) बनवायला सुरुवात केली, आणि पुढे माणसाच्या मापाप्रमाणे लाय ठरवून त्याला रंगाचे ठिपके द्यायची पद्धत पिंगनं आणली. काळा म्हणजे नेहमीचं माप, लाल म्हणजे त्याहून आडवा, निळा म्हणजे उभा, आणि हिरवा निळ्याच्याही पुढे. उंची आणि मनगट-ते-जमीन अंतर घातलं की कोष्टकात मी लालकडे पडतो.

साडूंना फोन केला. म्हणाले, "अहो, तो ठिपका नुसता शोभेचा. अर्जुनाला कुठलंही धनुष्य द्या, तो डोळाच फोडणार." मी म्हटलं, गांडीव दुसऱ्याला देऊन टाक म्हणणाऱ्याचं डोकं उडवीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती, त्यापायी तो धर्मराजावर तलवार उपसून धावला होता. यावर विषय बदलला. पुढे मेव्हणीच्या बोलण्यातून कळलं, की हा सेट ते मुलाकडे अमेरिकेला गेले होते तेव्हाचा, आणि दुकानदारानं त्यांना उभं करून, टेप लावून, माप घेऊन दिलेला! स्वतः मापाचं वापरायचं आणि दुसऱ्याला 'स्विंग सुधारा' सांगायचं.

तो सेट ओतीव स्टेनलेसचा. दोनेक अंशांपलीकडे वाकवायला गेलं तर हॉझेल तडकायची भीती, आणि मला त्याहून जास्त हवं होतं. परत केला. मिझुनो कंपनीचे वापरलेले फोर्ज्ड (घडीव), कॅव्हिटी बॅक (मागून खोलगट) आयर्न घेतले. त्याचं कार्बन स्टील मऊ असतं, वाकवता येतं. वर्कशॉपमध्ये एक फिक्श्चर केलं, पितळी जबड्यांत हेड धरायचं, बारनं हॉझेल वाकवायचा, बेव्हल प्रोट्रॅक्टरनं कोन बघायचा. लाय वाकवताना लॉफ्टही हलतो, म्हणून दोन्ही मोजायचे. वेज सरळ जायला लागलं. पकड पुन्हा पहिल्यासारखी केली तसा ड्रायव्हरही शेजाऱ्याच्या फेअरवेवरून परत आला. साडू म्हणतात, हा सरावाचा परिणाम. म्हणोत.

आता तुमचं. नवा सेट अजिबात नको, वापरलेला घ्या. नियमानं बॅगेत १४ क्लब चालतात, तुम्हाला सात-आठ पुरे: पाच नंबरचा वूड (लांब मारायचा, जाड हेडचा), एक हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधला), सात, नऊ, पिचिंग वेज, सँड वेज, पटर. ड्रायव्हर शेवटी. ट्रॅकमॅनवरच्या (रडारनं शॉट मोजणाऱ्या यंत्रावरच्या) महागड्या फिटिंगला आत्ता जाऊ नका, दर शॉटला तुमचा स्विंग वेगळा असताना त्या आकड्यांची सरासरी काढून हाती काही लागणार नाही. पण लांबी, लाय आणि ग्रिपची (मुठीची) जाडी ही मापं पहिल्या दिवसापासून बरोबर हवीत. क्लब चुकीचा असला की शरीर त्याच्याभोवती स्विंग बनवतं, आणि कोच तोच स्विंग फी घेऊन दुरुस्त करत बसतात. 'आधी स्विंग' म्हणणाऱ्यांना हे कळत नाही, किंवा कळून सोयीचं नसतं.

लांब क्लब नुसता कापून घेतला तर? कापता येतो, पण अर्ध्या इंचाला स्विंगवेट (फिरवताना हेडचं जाणवणारं वजन) साधारण तीन पॉइंट उतरतं आणि हेड हातात जाणवेनासं होतं. मग शिशाची पट्टी चिकटवा, एका पॉइंटला साधारण दोन ग्रॅम. लांबी अर्धा इंच कमी झाली की लायची गरजही अंशभर बदलते, म्हणून आधी लांबी, मग लाय.

शाफ्टवर (दांड्यावर) फार लिहीत नाही. तुम्हाला रेग्युलर फ्लेक्स (मध्यम लवचीक) बहुतेक चालेल, साहेबांचा स्टिफ (कडक) असेल तर ते आणखी एक कारण. आणि मे महिन्यात क्लब गाडीच्या डिकीत ठेवू नका, ग्रिपचं रबर कडक होतं आणि हेड चिकटवणारा इपॉक्सी गोंद ढिला पडू शकतो.

एक राहिलं. उभं राहून टेपनं घेतलेलं माप आणि चेंडूला लागतानाचा कोन एकच नसतात, मारताना हात थोडे वर येतात. म्हणून टेपवरून अंदाज घ्या, पण वाकवायचं ते रेघेच्या ठशावरून, आणि एका ठशावर नाही, बरेच ठसे एकाच बाजूला कलले तरच. तुमचे कोच तुम्हाला समोर बघतात, मी बघितलेलं नाही, तेव्हा ते म्हणत असतील की सध्या एकही चेंडू फेसच्या मधोमध लागत नाही, तर त्यांचं थोडे दिवस ऐका. माझं भांडण साडूंशी आहे, तुमच्या कोचशी नाही.

बूट घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत कुणाकडून तरी मोजून घ्या आणि ते माप मला कळवा. साहेबांच्या सेटचा फोटो असेल तर तोही पाठवा, हॉझेलजवळचा भाग दिसेल असा.